आराम फर्मावणारी गाडी

रविवारी सकाळी दारावरची घंटी वाजली की मी बायकोला कुजबुजत सांगायचो, "मी घरात नाही म्हण." काही उपयोग नसायचा. बाहेरून गोविंदकाकांचा आवाज यायचाच, "पुणेकर, चप्पल दिसतेय तुमची! चला, धक्का मारायचाय."

पुणेकर म्हणजे मी. नोकरीसाठी हैदराबादला आलो आणि चिक्कडपल्लीतल्या या बिल्डिंगमध्ये, नेमका गोविंदकाकांच्या वरच्या मजल्यावर येऊन पडलो. नशीब म्हणतात ते हेच.

काका वीजखात्यातून रिटायर झालेले. काकू गेल्यापासून तळमजल्यावर एकटेच राहायचे. त्यांच्या खिडकीसमोर पार्किंगमध्ये एक दोन दारांची, पोट जमिनीला टेकलेली, लालभडक जर्मन गाडी उभी असायची. देशात तेव्हा सगळं नव्यानं खुलं होत होतं, चौकाचौकात परदेशी कोल्ड्रिंकच्या पाट्या लागल्या होत्या. "आता इथंच राहणार," म्हणून काकांचा मुलगा श्रीकांत जर्मनीहून परत आला, तो ही गाडी घेऊनच. वर्षभरात श्रीकांत पुन्हा गेला. गाडी राहिली.

ती बंद पडलीय असं काकांसमोर म्हणायची सोय नव्हती.

"बंद? जर्मन गाडी आहे, काय समजलात? बंद पडत नाही. आराम फर्मावतेय."

अहो, पण किती आराम! आठवडाभर बरी असायची आणि रविवार जवळ आला की आडवी. बरं, मेकॅनिकला हात लावू द्यायचे नाहीत. सगळं घरीच. जुनं तेल इडलीच्या पातेल्यात काढायचे. स्पार्क प्लग टूथब्रशनं घासून गच्चीत माझ्या बायकोच्या कुरडयांशेजारी वाळत घालायचे. त्यावरून घरात जे महाभारत झालं ते सांगत नाही. गाडीचं दार लावायचीही शिस्त होती. "आपटायचं नाही हो, नुसतं सोडायचं. ते स्वतः लागतं." मी एकदा आपटलं, तर पुढे दोन दिवस माणूस माझ्याशी बोलला नाही. ते दोन दिवस फार सुखाचे गेले.

रविवारचा कार्यक्रम मात्र ठरलेला. टेलिफोनची लांबच्या लांब वायर खिडकीतून बाहेर काढून काका फोन बॉनेटवर ठेवायचे. मग श्रीकांतचा जर्मनीहून फोन यायचा. काका अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "हौ, स्टार्टर फिरतोय! नाही रे, तेल गळत नाही! ठैर, पुणेकरांना ॲक्सिलेटर दाबायला सांगतो!" मी आत दुमडून बसलेला, गुडघे हनुवटीला. पलीकडून तो पोरगा काय काय सांगायचा, काका ऐकायचे, पुन्हा पुन्हा विचारायचे. तासभर सहज. शेजारचे हमीदभाई गेटवर उभे राहून म्हणायचे, "चच्चा, इसको बेच के बकरी ले लो. दूध तो देगी." काका हसायचेसुद्धा. राग यायचा तो मलाच.

मग एक दिवस माझी आई न्हाणीघरात घसरली. पाय असा सुजला की बघवेना. स्कूटरवर बसवणं शक्य नव्हतं आणि शहरातल्या ऑटोवाल्यांनी नेमका त्याच दिवशी संप केलेला. दवाखान्याच्या गाडीसाठी फोन करून करून बोटं दुखली. मी धावत खाली गेलो. काका गाडी पुसत होते. कालच आराम सुरू झालाय, हे मला जिन्यात ऐकवून झालं होतं.

"काका, आई पडलीय," मी म्हणालो, आणि काय झालं कोण जाणे, माझा तोल सुटला. "वर्षभर धक्के मारून घेतलेत माझ्याकडून! आणि आज, एक दिवस, ही तुमची महाराणी उपयोगाची नाही!"

काकांनी खिशातून चष्म्याचं घर काढलं. त्यातून नखाएवढा एक फ्यूज काढला. बॉनेट उघडून तो आत बसवला आणि किल्ली फिरवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. मी आ वासून बघत राहिलो.

"नंतर शिव्या घाला," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "आधी आईंना आणा."

आईला पुढे बसवलं, मी मागे घडी होऊन बसलो. आई कण्हता कण्हता म्हणाली, "किती छान चालते हो! हा तर म्हणायचा, बिघडलेलीच असते."

दवाखान्यात आईचा पाय प्लास्टरमध्ये घालत होते, तेव्हा बाकावर काका स्वतःच बोलले. "गाडी ठीक आहे म्हटलं की श्रीकांत विचारतो, बीपीची गोळी घेतली का. घेतली म्हणतो. मग ठेवतो फोन. तसा पोरगा वाईट नाही हो. त्याला बोलायला सुचत नाही. गाडीचं मात्र भरभरून बोलतो." मग म्हणाले, "आणि ही जर्मन. आपणहून कधी बिघडतच नाही. मग मी काय करू?"

मला भयंकर राग आला होता. तो कुठं ठेवावा ते कळेना.

"आता नक्को," ते म्हणाले. "आज आईंचे हाल झाले असते. खरं सांगून टाकतो त्याला, ठीक आहे म्हणून."

रविवारी घंटी वाजली नाही. मी चहाचा कप घेऊन कठड्याशी उभा राहिलो. खाली फोन बॉनेटवर होता. तो वाजला.

"हौ, बरा आहे. गाडी? ठीक आहे. एकदम ठीक... हौ, घेतली गोळी... बरं. बरं, ठेव मग."

रिसीव्हर कानाला तसाच होता. काका दुसऱ्या हातानं बॉनेटवरची नसलेली धूळ पुसत होते.

आणि मी, ज्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, वरून बोंबललो, "काका! ठेवू नका! गाडीतून आवाज येतोय!"

काकांनी वर पाहिलं. बंद गाडी, तिच्यातून कसला आवाज येणार? पण पलीकडून श्रीकांतनं काहीतरी विचारलं असावं, कारण काकांनी घाईघाईनं रिसीव्हर नीट धरला.

"हौ रे, पुणेकर म्हणतात आवाज येतोय. कसला? ठैर, विचारतो." आणि मान वर करून माझ्यावरच खेकसले, "नुसते बघता काय? या खाली, ॲक्सिलेटर दाबा!"