सुकलालनानांचा वैशाखातला पाऊस

सुकलालनानांशी कुणाची ओळख करून दिली, की ते नाव विचारायचे नाहीत. लग्नाची तारीख विचारायचे. मग डोळे मिटून, त्या दिवशी तुमच्या गावाला किती पाऊस झाला ते सांगायचे. माझं लग्न जामनेरचं, ऐन वैशाखातलं. "निरंक," नाना म्हणाले आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू चूक माझीच.

जळगावच्या आमच्या कार्यालयात गावोगावचे पावसाचे आकडे कार्डांवर भोकं पाडून ठेवलेले असत. एका दिवसाचं एक कार्ड, एका गावाच्या एका वर्षाचा एक गठ्ठा. ही सगळी भोकं एकट्या नानांनी पाडलेली. कार्ड खिडकीच्या उजेडात धरून ते पेपर वाचावा तसं वाचत. "माणूस थापा मारस, भोक नही मारत," म्हणत. रंगात आले की नाना अहिराणीत शिरायचे.

सत्तर सालाच्या पुढेमागे कार्डं वाचणारं नवं यंत्र आलं. पहिलाच गठ्ठा घातला, तर वैशाखातला रोजचा पाऊस सत्त्याहत्तर मिलिमीटर. दुसऱ्या गठ्ठ्यातही तेच. साहेब हसले. "गावातले लोक घरी बसून आकडे ठोकत होते. शनिवारी सगळं रद्दीत घाला."

नानांचा चेहरा पांढराफटक पडला. "तीन दिवस द्या साहेब," एवढंच म्हणाले.

मग काय, नाना इरेला पेटले आणि मलाही जुंपलं. पहिल्या दिवशी धुळीवर आळ. सायकलच्या पंपानं आम्ही भोकन्‌भोक फुंकलं. सत्त्याहत्तर. दुसऱ्या दिवशी विजेवर आळ. शेजारची डाळ मिल जेवणासाठी थांबली, की आम्ही धावत यंत्र सुरू करायचो. तरी सत्त्याहत्तर. माझं डोकं उठलं.

शुक्रवारी मी वैतागून म्हणालो, "नाना, माझ्या लग्नाचंच कार्ड घाला. मांडवात नुसता धुरळा होता, पाऊस कसला."

नानांनी कार्ड उजेडात धरलं. शून्य, शून्य. यंत्रात घातलं. सात, सात.

मग नाना भराभरा कार्डं काढू लागले. खिडकीत पंचवीस, यंत्रात बावन्न. खिडकीत तेरा, यंत्रात चौसष्ट. मी कागदावर मांडत होतो. दोनाचे पाच, एकाचे सहा, तिनाचे चार. दोन्हींची बेरीज दर वेळी सात.

"उलटं वाची ऱ्हायनं," नाना म्हणाले.

कार्डावर शून्य ते नऊ अशा ओळी, वर आणखी दोन मोकळ्या. कार्ड पालथं घातलं, की शून्य बरोबर साताच्या जागी जातं. पण पालथं घालायला सांगितलं कुणी? प्रत्येक गठ्ठ्यावर जुन्या यंत्राच्या वेळची चिठ्ठी होती, 'छापील बाजू खाली'. आम्ही ती इमानेइतबारे पाळत होतो. अक्षर नानांचं.

नाना जवळजवळ पळतच साहेबांकडे गेले. "साहेब, चोर सापडला. मीच." कार्डं सुलटी घातल्यावर वैशाख कोरडा ठणठणीत निघाला. साहेबांनी मान हलवली आणि रद्दीचा हुकूम फाडला. आनंदानं मला नाचावंसं वाटत होतं.

मी चहा घेऊन गेलो, तर नाना शिरपूरकडच्या आपल्या गावाचा गठ्ठा उघडून बसले होते.

"तिथला पाऊस आबा मोजायचे. माझे वडील. मी शेती सोडून नोकरी धरली, तेव्हापासून माझ्याशी बोलले नाहीत. पत्रही नाही. पण महिन्याचा तक्ता इथं यायचा, त्यांच्या हातचा. भोकं मीच पाडायचो."

"उन्हाळ्यात तर नुसती शून्यंच असतील," मी म्हणालो.

"शून्य तं शून्य. आकडा उना, म्हणजे आबा शे." आकडा आला, म्हणजे आबा आहेत.

गठ्ठा इतरांपेक्षा बारीक होता. श्रावणातल्या एका कार्डानंतर त्यात काहीच नव्हतं. त्या शेवटच्या कार्डावरून नाना बोट फिरवत होते. चहाचा कप मी हळूच त्यांच्यापुढे ठेवला.