त्रेसष्ट चष्मे पडले त्याची गोष्ट

भूगर्भशास्त्राच्या सरांच्या मते शोध घेणारे मेंदू जगात दोनच होते, आणि त्यातला दुसरा निवृत्त झाला होता. त्यांच्या दारावर 'विभागप्रमुख' या पाटीखाली त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेली आणखी एक पाटी होती: 'गूढ प्रकरणांचा उलगडा. वेळ: तास नसताना.' दगड पारखायचं भिंग ते पेनासारखं खिशाला अडकवून हिंडत. त्यामुळे सगळं विद्यापीठ त्यांना भिंगसर म्हणे, आणि ही आपल्या कर्तृत्वाला मिळालेली पदवी आहे, असं ते धरून चालत. कुलसचिवांचा हरवलेला शिक्का त्यांनी नऊ दिवसांत शोधला होता. तो कुलसचिवांच्याच टेबलावर होता. पण पुरावे पुसले जाऊ नयेत म्हणून सरांनी आठ दिवस त्या टेबलाला कुणाला हातच लावू दिला नव्हता.

अशा माणसाच्या तावडीत संगणक विभागातल्या बाई सापडल्या.

विद्यापीठाला नवी अध्ययन प्रणाली घ्यायची होती. हजेरी, टिपणं, गृहपाठ, गुण, सगळं एकाच जागी ठेवणारी. जुनी इतकी थकली होती की सोमवारी टाकलेला गृहपाठ गुरुवारी दिसे, आणि तोही दुसऱ्याच विषयात. तीन कंपन्यांनी आपापली प्रणाली महिनाभर वापरून बघायला दिली होती. त्यांना अ, ब आणि क म्हणायचं ठरलं. बाई वर्षाच्या करारावर होत्या, करार महिनाअखेरीस संपत होता, आणि हे काम नीट पार पडलं तरच तो पुढे सरकणार होता. त्यांनी एक सुटसुटीत फॉर्म केला: तिन्ही प्रणालींना दहापैकी गुण द्या आणि दोन ओळी अभिप्राय लिहा. कुलसचिव कार्यालयामार्फत तो सगळ्या शिक्षकांकडे गेला.

त्रेसष्ट फॉर्म परत आले, तेही मुदतीत. बाईंना शंका यायला हवी होती ती इथेच.

त्रेसष्टही जणांनी अ-ला चार, ब-ला नऊ आणि क-ला तीन गुण दिले होते. आणि अभिप्रायात त्रेसष्टही जणांनी लिहिलं होतं, 'ब चांगली आहे. मात्र हजेरीचं बटण शोधताना चष्मा खाली पडला.'

कुलसचिवांनी बाईंना बोलावून घेतलं. या विद्यापीठात पंखा किती वेगाने ठेवावा यावरही तीन माणसांचं एकमत झालेलं आपण पाहिलेलं नाही, असं ते शांतपणे म्हणाले. हे फॉर्म घरी बसून एकाच माणसाने भरलेत, असा त्यांचा कयास होता, आणि तो माणूस कोण, हे त्यांनी बाईंकडे बघत बोलायचं टाळलं. शुक्रवारी खरेदी समिती बसणार होती. तोवर खुलासा झाला नाही, तर कराराचा विषयच संपला. तपास भिंगसरांकडे दिला होता.

"बाई, या प्रकरणात मुख्य संशयित तुम्ही," सर म्हणाले.

"हो सर."

"मला मदतनीसही लागेल. मनुष्यबळाची टंचाई आहे, तेव्हा ते कामही तुमच्याकडेच."

मग संशयितावर नजर कुणी ठेवायची, असं बाईंनी विचारलं. तुम्हीच, डोळ्यात तेल घालून, असं सरांनी सांगितलं.

मंगळवार अक्षरं तपासण्यात गेला. भिंगाखाली त्रेसष्ट फॉर्मांची अक्षरं त्रेसष्ट प्रकारची निघाली. म्हणजे गुन्हेगाराला त्रेसष्ट वळणांची अक्षरं येत होती. सरांनी बाईंना स्वतःचं नाव तेवढ्या वेळा लिहायला लावलं. ते प्रत्येक वेळी सारखंच आलं. 'संशयित अत्यंत सावध,' अशी सरांनी वहीत नोंद केली.

बुधवारी त्यांनी ब कंपनीच्या विक्रेत्याला गाठलं. नऊ गुण मिळाल्याचं ऐकून तो हिरमुसला. एक गुण कुठे गेला, असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला. गुन्हेगाराने स्वतःला दहा दिले असते, या मुद्द्यावर सरांनी त्याला सोडून दिलं.

सरळ शिक्षकांनाच विचारलं तर, असं बाईंनी सुचवून पाहिलं. तसं केलं तर तपास करायला काय उरतं, असं सर म्हणाले. तरी बाईंनी इतिहासाच्या सरांना जिन्यात अडवलंच. फॉर्म मी स्वतः भरलाय, ते म्हणाले. पण तुम्हाला चष्मा नाही ना, असं बाईंनी विचारलं. इतिहासाच्या सरांना राग आला. जसा भरायचा असतो तसाच भरलाय, मला नका शिकवू, असं म्हणून ते वर निघून गेले.

गुरुवारी भिंगसरांना साक्षात्कार झाला. त्रेसष्ट चष्मे पडले, तर फायदा कुणाचा? फाटकासमोरच्या चष्म्याच्या दुकानदाराचा. दोघं तिथे गेले. दुकानदाराने सरांना खुर्चीत बसवलं, डोळ्यांत औषध घातलं, एक डोळा झाकायला लावला आणि समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. अर्ध्या तासाने सर नव्या चष्म्याची मापं देऊन बाहेर आले. वहीत लिहिलं होतं, 'दुकानदार निर्दोष. चौथी ओळ संशयास्पद.'

संध्याकाळी बाई घरी आल्या आणि चहाच्या टेबलावर फॉर्मांचा गठ्ठा टाकून डोकं धरून बसल्या. सासूबाई एका कचेरीतून तीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेल्या. त्यांनी चारपाच फॉर्म चाळले आणि विचारलं, "याचा नमुना कुठाय?"

"कसला नमुना?"

"भरलेला. त्याशिवाय कुणी फॉर्म भरतं का?"

मी तर कोराच पाठवला होता, बाई म्हणाल्या.

"तू कोरा पाठवलास गं. पण गेला ना साहेबाच्या कचेरीतून?" सासूबाईंनी कपात साखर घातली. "आम्ही नमुन्याबाहेर एक काना लिहिला नाही कधी. माझ्या पेन्शनच्या फॉर्मवर जन्मतारीखसुद्धा नमुन्यातलीच आहे. कागदोपत्री मी माझ्या थोरल्या बहिणीपेक्षा चार वर्षांनी मोठी आहे. ती मला ताई म्हणत नाही, एवढंच."

शुक्रवारी सकाळी कार्यालय उघडताच बाईंनी जावक विभागातून त्या पत्राची स्थळप्रत काढून घेतली. त्यांच्या फॉर्ममागे एक जादा कागद टाचलेला होता. कोपऱ्यात पेन्सिलीने 'नमुना' आणि खाली चार, नऊ, तीन. तो कार्यालय अधीक्षकांनी भरला होता. लोकांची अडचण होऊ नये म्हणून आपण दरवेळी एक भरून जोडतो, असं त्यांनी सांगितलं. आणि चष्मा? तो खरंच पडला होता. त्यांनी चष्मा काढून काचेला गेलेला तडा दाखवला. तीन प्रणाली मनापासून वापरून पाहणारा साऱ्या विद्यापीठात हा एकच माणूस होता, आणि त्याचं मत कुणीच मागितलं नव्हतं.

समितीपुढे भिंगसर वीस मिनिटं बोलले. या निष्कर्षाला आपण गुरुवारीच पोचलो होतो, पण डोळ्यांत औषध घातल्यामुळे तो नीट दिसला नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. बाई निर्दोष ठरल्या. मग समितीच्या लक्षात आलं की कुठली प्रणाली घ्यायची, हे अजून कुणालाच माहीत नाही. नवे फॉर्म पाठवायचे, नमुना अजिबात जोडायचा नाही, आणि निवड पूर्ण होईपर्यंत बाईंचा करार वाढवायचा, असे ठराव झाले.

आठ दिवसांत एकही फॉर्म आला नाही. त्रेसष्ट पत्रं आली. सोबत नमुना आढळला नाही, तरी तो त्वरित पाठवावा. सगळ्यात आधी भूगर्भशास्त्राचं पत्र आलं होतं, लाल शाईने 'तातडीचे' लिहून. कुलसचिवांनी सगळी पत्रं बाईंकडे पाठवून शेरा मारला: 'नमुना तयार करावा. त्यात कोणतेही मत येणार नाही याची दक्षता घ्यावी.'

घरी बाईंनी तो शेरा सासूबाईंना वाचून दाखवला आणि हे कसं जमायचं, असं विचारलं. सासूबाईंनी तो दोनदा ऐकला.

"अगदी सावकाश कर," त्या म्हणाल्या. "मला असाच एक मिळाला होता. निवृत्तीपर्यंत पुरला."