दामल्यांचं मॉस्को

नवी वस्तू घेतली की आम्ही लंडनजवळच्या पिनरमधले लोक ती दामल्यांच्या नजरेला पडू देत नाही. माझ्या नव्या पुस्तकांच्या कपाटाला त्यांनी माझ्यादेखत पॉलिशपेपर घासला; का, तर हात लागतो तिथला रंग उडालेला नव्हता. स्वतःचे पडदे ते चहात बुडवतात. "कोरं म्हणजे खोटं," म्हणतात. लोक त्यांना चक्रम म्हणतात. म्हणू देत.

दामले मॉस्कोच्या एका स्टुडिओत कलादिग्दर्शक होते. शिकायला गेले आणि तिथलेच झाले, वेरावहिनीही तिथल्याच. पुठ्ठा आणि प्लॅस्टरमधून त्यांनी शहरं उभी केली. एकदा भर उन्हाळ्यात मीठ पसरून बर्फ केला, तर शूटिंगआधीच गाईंनी अर्धं गाव चाटून साफ केलं. ही हकीकत ते अभिमानानं सांगतात.

माझी पत्नी गेल्यापासून संध्याकाळी मी त्यांच्याकडे बसतो. ते सांत्वन करत नाहीत, म्हणून जातो.

मग वहिनींना पिनर ओळखू येईना. पिशवी भरून त्या दाराशी उभ्या राहत, घरी, मॉस्कोला, सोडा म्हणत. मुलगी अन्या लेस्टरला डॉक्टर; तिच्यामुळेच दोघं इंग्लंडला आले होते. तिनं केअर होम बघून ठेवलं. "बाबा, ममाला सेफ जागा पाहिजे. तुम्ही नाही मॅनेज करू शकणार."

"तिला घरी जायचंय," दामले म्हणाले. "मी शहरं बांधली. एक स्वयंपाकघर बांधता येणार नाही?"

अन्यानं ईस्टरपर्यंत मुदत दिली. लाउंजच्या मागच्या भागात दामल्यांनी प्लायवूडच्या भिंती उभारल्या. छातीपर्यंत हिरवा ऑइलपेंट, वर चुना. खिडकीबाहेर रंगवलेलं बर्फाचं अंगण. शेगडीमागचे तेलकट डाग खरे दिसावेत म्हणून आठवडाभर भजी तळली. ती मी खाल्ली. सोशल वर्करपासून मुलीपर्यंत सगळ्यांना त्यांचं एकच उत्तर होतं, "रंग वाळू द्या."

ईस्टरला अन्या आली. संध्याकाळी वहिनींना आत बसवलं. त्यांनी टेबलावरून हात फिरवला, रशियनमध्ये काही पुटपुटल्या, हसल्या. मग आमच्या दिशेनं बघितलं आणि अंग चोरून घेतलं. तिकडे कोण उभं आहे, असं पुन्हापुन्हा विचारू लागल्या.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. सवयीनं दामल्यांनी तीनच भिंती बांधल्या होत्या. चौथी बाजू कॅमेऱ्यासाठी उघडी, आणि तिथे आम्ही उभे.

"बघितलंत ना, बाबा?" अन्या हळूच म्हणाली.

सेट तयार झाला की आत पाऊल टाकायचं नाही, हे दामल्यांनी जन्मभर पाळलं होतं. त्यांनी खुर्ची उचलली, आत गेले आणि उघड्या बाजूला आमच्याकडे पाठ करून बसले. वहिनींनी पाव कापून त्यांच्यापुढे सरकवला.

"अन्या, ती घरी पोचली आहे," मान न वळवता ते म्हणाले. "आता तिला कुणी हलवायचं नाही."

अन्या बराच वेळ त्या पाठीकडे बघत राहिली. मग तिनं लाउंजचा दिवा मालवला, स्वयंपाकघरातला तेवढा राहू दिला, आणि आम्ही दोघं अंधारात उभे राहिलो, तिथे कुणीच नसल्यासारखे.