हॉलमधलं विमान

लेकीच्या बाळंतपणाला टोरांटोला जायचं, तर शकुबाईंना आधी नाशिकच्या स्वतःच्या हॉलमध्ये विमानात बसून दाखवायचं होतं. अट त्यांच्या मुलाची, धम्मपालची.

गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांच्या पायात रक्ताची गाठ झाली होती. आता डॉक्टर म्हणाले, खुशाल जा, फक्त एका जागी थिजून बसू नका. पाणी प्या, पंजे हलवा, मधूनमधून चाला आणि मापाचे घट्ट मोजे घाला. धम्मपालचा डॉक्टरांवर विश्वास होता, आईवर नव्हता. मध्येच उतरावं लागू नये म्हणून एसटीत धुळ्यापर्यंत घोटभर पाणी न पिणारी बाई ती.

रविवारी नात संजनाने सोफ्याच्या पाठीमागे, भिंतीपासून एका ओळीत तीन खुर्च्या मांडल्या. ढग दिसावेत म्हणून आजी खिडकीशी, मध्ये अनोळखी प्रवासी म्हणून शेजारचे शामसुंदरकाका, कडेला बाबा. मोजे चढवतानाच संजना घामाघूम झाली. आजी मात्र नव्या नवरीसारख्या पाय पुढे करून बसल्या होत्या.

विमान उडालं. आजी पाणी प्यायल्या, पण मग जागच्या हलेनात. शामसुंदरकाका भूमिकेत इतके शिरले की खरंच घोरायला लागले. आजी एकदा त्यांच्याकडे बघत, एकदा संजनाकडे. परक्या माणसाला झोपेतून कसं उठवायचं?

"बघितलंस?" धम्मपाल संजनाला म्हणाला. "तिकीट रद्द करतो. पायलला मी सांगतो काय ते."

लेकीचं नाव निघालं आणि आजीने काकांच्या खांद्यावर अशी थाप मारली की काका सीटचा पट्टा शोधू लागले.

"भाऊ, उठा. माझी लेक तिकडं एकटी हाय."

आजी दोघांच्या गुडघ्यांवरून वाट काढत बाहेर पडल्या, स्वयंपाकघरापर्यंत ऐटीत जाऊन आल्या. संजनाला शिट्टी मारावीशी वाटली. त्यानंतर आजी थांबेचनात. पाणी, पंजे, चक्कर, पुन्हा पाणी. दर वेळी काका उठत, कारण शेजारधर्म. धम्मपाल मात्र गुडघे वाकडे करून वाट देई. अंबडच्या कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस, रविवारी कशाला उठेल?

"धम्मा, पंजे तरी हलव," आजी म्हणाल्या.

"परीक्षा तुझी आहे, आई."

पुढच्या फेरीला आजी म्हणाल्या, आता नीट उठ, माझी साडी अडकते. धम्मपाल उठला. म्हणजे तो उठला, पाय उठलाच नाही. मुंग्या आलेला पाय मुडपला, तो थेट काकांच्या मांडीत बसला, काकांची खुर्ची मागे सरकली आणि पाण्याचा जग तिघांवर रिता झाला. विमान समुद्रात उतरलं, असं काका शांतपणे म्हणाले.

आजी मात्र खाली बसून लेकाची पोटरी चोळत होत्या, आणि चोळता चोळता हुकूम सोडत होत्या. पंजा वर. आता खाली. संजनाला तेव्हा आजी एकदम भारी वाटली.

"आई," धम्मपाल भिंतीला टेकून म्हणाला, "तू जा."

शकुबाई गेल्या. एकट्या, निम्म्या विमानाला ताई-दादा म्हणत, सगळ्यांना पंजे हलवायला लावत. आता रोज संध्याकाळी टोरांटोहून व्हिडिओ कॉल येतो. आधी बाळ दिसतं. मग आजीचा चेहरा येतो.

"धम्मा, फोन संजनाकडं दे. आणि उभा राहा."