सर्जेरावांचे लाटणे

कमरेला विळा खोचलेला मनुष्य आमच्या भोरात पुष्कळ दिसतो. चंची खोचलेलाही दिसतो. परंतु कमरेला स्वयंपाकघरातील लाटणे खोचून भर बाजारातून छाती काढून चालणारा गृहस्थ मी आयुष्यात एकच पाहिला, आणि ते म्हणजे आमचे शेजारी सर्जेराव. सदरहू लाटणे सागवानी असून त्याच्या एका टोकास दातांच्या खुणा होत्या. त्या खुणा कोणा अर्भकाच्या नसून खुद्द सर्जेरावांच्या होत्या.

माझा धंदा अर्ज लिहिण्याचा. शिक्षण फायनलच्या उंबरठ्याशी थांबले, तथापि मायना कसा बांधावा हे विचारण्यास माझ्याकडे वकीलसुद्धा येतात. उघडपणे येत नाहीत, एवढेच. कचेरीसमोर बैठक टाकून बसल्यामुळे संस्थानच्या काळातली बरी-वाईट सारी माणसे माझ्या डोळ्यांखालून गेली. आता संस्थानही गेले. आज रस्त्याने दिवसाकाठी इतक्या मोटारी जातात की कोणी मान वर करून पाहत नाही. त्या काळी मात्र फटफटी वाजली की अर्जदार अर्ज टाकून रस्त्यावर धावत, आणि मीही, अर्थात शाई वाळेपर्यंत, उभा राहत असे.

सर्जेरावांची शेती वेल्ह्याच्या बाजूस, तोरण्याच्या पायथ्याशी. बिऱ्हाड भोरात, माझ्या भिंतीला भिंत लावून. फटफटी त्यांनी पुण्याच्या एका ठेकेदाराकडून जुनी घेतली. तिच्या एंजिनात ते एरंडेल घालीत. त्यामुळे ती सुरू झाली की धूर आळीभर पसरे आणि लहानथोर सर्वांना जुलाबाच्या सकाळी आठवत. बेंदराला गावचे बैल मिरवत, त्यांच्यामागे सर्जेराव हँडलला बेगड लावून फटफटी हाताने ढकलीत नेत. "वरीसभर राबती, तिचाबी सण हाय," असे त्यांचे म्हणणे.

आता लाटण्याविषयी. फटफटी सुरू करून सर्जेराव उकिडवे बसत, लाटण्याचे एक टोक एंजिनावर टेकवीत, दुसरे टोक दातांत धरीत आणि डोळे मिटीत. अशा अवस्थेत त्यांच्या मुखावर जे समाधान दिसे, ते मी कीर्तनातही फारसे पाहिलेले नाही. मग एक हात वर करून सर्वांना गप्प करीत. निदान झाले की लाटणे काढून म्हणत, "आधी ऐका, मग खोला!" हे त्यांचे ब्रीदवाक्य. पेट्रोलची टाकी गळत असली तर साबण चोळा, पट्टा घसरला तर राळ लावा, ठिणगी पडेना तर प्लग काढून पुसा, हे सर्व उपाय ते मागितल्यावाचून देत. पण कोणी न ऐकता पान्हा उचलला की त्यांचा संताप होई. "मशीन सोताच सांगतंय काय दुखतंय ते. तुमी तिचं पोट कशाला फाडताय?"

"दुसरे लाटणे का घेत नाही?" असे मी एकदा त्यांच्या पत्नीस, सगुणावहिनींस, विचारले.

"घेतलं की, भाऊजी. त्येबी नेलं. त्याचा आवाज घोगरा यितो म्हनं, मग फटफटी सरकू नये म्हनून चाकाखाली उटी लावलीया. आमच्या घरात आता भाकरीच. बेंदराला निवदाच्या पोळ्यांना शेजारचं लाटनं मागून आनावं लागतं."

दर रविवारी कापूरहोळच्या फाट्यावर, चहाच्या दुकानापुढे, या पंचक्रोशीतील फटफटीवाल्यांची सभा भरे. सभासद तीन. सर्जेराव; नसरापूरचे डॉक्टर, जे फटफटीवरून खेडोपाडी रोगी पाहण्यास जात; आणि फाट्यावर सायकलींचे दुकान चालवणारे हुसेनभाई, ज्यांची फटफटी मोडक्या फटफट्यांच्या अवयवांतून जन्मास आली होती. मी मागच्या बैठकीवर बसून जाई व सभेस शोभा आणी.

एके रविवारी डॉक्टरांची फटफटी यायची ती खोकत आली आणि दुकानापुढे प्राण सोडती झाली. पुन्हा सुरू केली की थोडी धडधडे आणि परत मरे. डॉक्टरांनी खिशातून छाती तपासण्याची नळी काढून एंजिनास लावली. सर्जेरावांनी दुसऱ्या बाजूने लाटणे लावले.

"सर्जेराव, ही तपासायची नळी आहे. तुमचं ते पोळ्या लाटायचं आहे," डॉक्टर म्हणाले.

"अवो डागदर," हुसेनभाई बशीतला चहा फुंकत म्हणाले, "तुमची नळी लावल्याली मानसं तरी कुठं समदी उठत्यात?"

डॉक्टर म्हणाले, झडप चिकटते. सर्जेराव म्हणाले, बेरिंग गेले. हुसेनभाईंनी कुंपणाचा एक बाभळीचा काटा मोडला, टाकीच्या झाकणावरील बारीक भोकात घालून फिरवला, चिखलाचा खडा बाहेर काढला. वारा आत शिरेना म्हणून पेट्रोल खाली उतरेना, एवढाच रोग होता. फटफटी उभ्या उभ्या गाऊ लागली.

"तेच म्या म्हनत व्हतो! नाक चोंदलं व्हतं तिचं!" सर्जेराव गरजले.

"अवो दादा, तुमी तर बेरिंग म्हनलात!" हुसेनभाई म्हणाले.

पण सर्जेराव तोवर एरंडेलाच्या गुणांवर बोलू लागले होते. त्यांच्याशी वाद घालणे कोणास कधी साधले नाही. दुसऱ्याचे वाक्य ते आपल्या वाक्याने झाकून टाकीत, प्रश्नास उत्तर न देता उपदेश देत, आणि बोलत ते नेहमी डोंगरावरून हाक मारावी तसे. मी त्यास अहंकार समजत असे, आणि थोर माणसास तो शोभतो असेही समजत असे.

पुढे युद्ध पेटले आणि पेट्रोल कुपनावर गेले. डॉक्टरांना रोग्यांच्या नावे काही मिळे. हुसेनभाईंनी आपली फटफटी विटांवर चढवून तिच्यावर तरट टाकले. रविवारची सभा मोडली. सर्जेराव बैलगाडीतून शेतावर जाऊ लागले. परंतु घरी एक पत्र्याचा डबा त्यांनी राखून ठेवला होता. रोज दिवस कलला की ते त्यातले थोडे पेट्रोल टाकीत ओतत, अंगणात फटफटी जागच्या जागी सुरू करीत, आणि लाटणे दातांत धरून बसत. कोठे जाणे नाही, येणे नाही. आळीस हा शुद्ध माज वाटे. सायकलीचे सामान घेण्यास भोरात आलेले हुसेनभाई तर तोंडावर म्हणाले, "येवड्या तेलात वेल्ह्याला जाऊन आला असता, दादा. उभ्यानंच पाजताय तिला!"

"व्हय," सर्जेराव हसून म्हणाले, "एरंडेलच बरं."

डब्याचा तळ दिसू लागला तेव्हा ते माझ्या बैठकीपुढे येऊन बसले. मागे सगुणावहिनी पदर सावरून उभ्या. कचेरीपुढे त्या त्यापूर्वी कधी आल्या नव्हत्या.

"अर्ज लिवा. प्येट्रोल पायजे."

"हे मागणे झाले. मागणीस कारण लागते," मी म्हणालो.

"टायर नवंच हायेत अजून."

"कारण, सर्जेराव, कारण!"

"राळ लावली की पट्टाबी न्हाई घसरत."

वहिनी पुढे झाल्या आणि खाली बसल्या. आवाज न लपवता, नवऱ्याच्या देखतच बोलल्या, "भाऊजी, त्येंना ऐकू येत न्हाई."

सर्जेराव रस्त्यावरून चाललेली सर्व्हिस मोटार मोठ्या आस्थेने पाहत होते.

"लई दिस झालं. आदी पाखरं गेली, मग लेकीचा आवाज, मग माजा. ह्ये येक मशीनच ऱ्हायलंय. लाटनं दातात धरलं की डोसक्यात वाजतं म्हनत्यात. त्ये बंद पडलं तर त्येंच्यासाटी समदं जगच बंद." माझ्या कागदाकडे बोट करून म्हणाल्या, "ह्यातलं कागदावर काय घालू नगासा. मशीन ऐकावं तर सर्जेरावानं, येवडाच मान हाय त्येंचा. भैरा म्हनल्यावर कापूरहोळात कोन इचारंल?"

मी लेखणी शाईत बुडवली. मग मी असा अर्ज लिहिला की त्यात एकही खाडाखोड नव्हती. 'अर्जदारास प्रकृतीचे कारणास्तव फटफटीची नितांत आवश्यकता असून' असे शब्द योजून गुपितही राखले आणि सत्यही सोडले नाही. माझ्या हातचे ते उत्तम लेखन, असे मी आजही मानतो.

उत्तर यथावकाश आले. 'प्रकृती ठीक नसता फटफटी चालवणे प्रकृतीस अपायकारक. सबब नामंजूर.'

तो कागद घेऊन मी दिवेलागणीपूर्वी त्यांच्या अंगणात गेलो. डबा पालथा पडला होता. सर्जेरावांस अक्षरओळख होती. त्यांनी शेवटचा शब्द तेवढा वाचला आणि कागद मला परत दिला. फडक्याने एंजिन पुसले. मग सवयीने लाटणे काढून त्या गार लोखंडावर टेकवले, दुसरे टोक दातांत धरले आणि डोळे मिटले. मला गप्प करण्यासाठी त्यांनी हातसुद्धा वर केला. अंगणात कसलाही आवाज नव्हता.

सगुणावहिनी भाकरी थापता थापता उठून बाहेर आल्या. गार एंजिनाला लाटणे लावून बसलेले सर्जेराव त्यांनी पाहिले. मग त्यांच्यासमोर बसल्या, पिठाच्या हाताने लाटण्याचे ते टोक एंजिनावरून उचलले आणि आपल्या गळ्यावर टेकवले.

"भाकरी झालीया," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "गरम हाय तवर खाऊन घ्या."

सर्जेरावांनी डोळे उघडले. दातांतले लाटणे सुटू दिले नाही. लाकडाच्या आडून, मी त्यांच्या तोंडून कधी न ऐकलेल्या हलक्या स्वरात म्हणाले, "परत बोल."

"काय बोलू? भाऊजी बगत्यात."

त्यांनी माझ्याकडे न पाहताच पुन्हा हात वर केला. कापूरहोळच्या सभेत करीत अगदी तसाच. मी श्वासही बेताने घेतला. त्यांनी डोळे परत मिटून घेतले आणि मान किंचित कलती केली.

"आवाज जरा घासलाय," शेवटी ते म्हणाले, "पन ठोका तोच हाय. खोलायची गरज न्हाई."

"मशीन हाय व्हय मी?" वहिनी हसल्या, पण लाटण्याचे टोक त्यांनी गळ्यावरून काढले नाही.