मरणाची तरतूद नसलेला जिल्हा

महानगराला खेटून असलेल्या आमच्या जिल्ह्याचा संक्षिप्त आढावा सादर करताना या कार्यालयास अत्यंत आनंद होत आहे. काल जिथे गवत होते तिथे आज तळघरासकट इमारत आहे, आणि सकाळी ज्या रस्त्याने जावे तो संध्याकाळी परतताना सापडेलच असे नाही. जिल्ह्याचा नकाशा काढणाऱ्याने तर केव्हाच नाद सोडला.

हा विकास आपोआप झालेला नाही. आराखडा करताना तज्ज्ञांनी येथे राहायला कोण येणार याचा अभ्यास केला. उत्तर आले : तरुण जोडपी, त्यांचे कर्ज आणि एखाद-दुसरे मूल. म्हणून पाळणाघरे आखली, व्यायामशाळा आखल्या, कुत्र्यांना फिरवायला स्वतंत्र बाग आखली. स्मशानभूमी आखली नाही. तरुण माणसे मरत नाहीत, हे तेव्हा सर्वांनाच पटले होते.

मग एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या शिक्षकाचे वडील वारले. शिक्षक आपल्या आत्याला घेऊन थेट माझ्या टेबलापाशी आला. डोळे सुजलेले, शर्टाची बटणे वरखाली लागलेली.

"साहेब, बाबांना कुठे न्यायचं तेवढं सांगा."

"शहरात न्या."

"नेलं होतं. ते म्हणतात, तुमच्या जिल्ह्यातलं माणूस तुमच्याच जिल्ह्यात."

"मग मूळ गावी न्या."

"अहो, मूळ गाव हेच!" आत्या कडाडली. "तुमच्या त्या कुत्र्यांच्या बागेखाली आमचं स्मशान होतं. आमच्या आईला तिथंच अग्नी दिला. आता माझ्या दादाला काय माळ्यावर टाकू?"

खरे सांगतो, मला गहिवरून आले. परंतु गहिवराला कार्यपद्धतीत स्थान नाही, म्हणून मी रहिवाशांची तातडीची सभा बोलावली. सगळे आले. दोन मिनिटे उभे राहून श्रद्धांजली वाहिली, बायकांनी डोळे पुसले, आणि जिल्ह्याला स्मशानभूमी हवीच असा ठराव एकमताने मंजूर झाला. कुठे, असे विचारताच प्रत्येकाने समोरच्या इमारतीकडे बोट दाखवले.

"धुराचं काय?" एकाने विचारले.

"आणि फ्लॅटच्या भावाचं?" दुसऱ्याने खरे ते विचारले.

शिक्षक हात जोडून म्हणाला, "आजच्यापुरती बाग तरी द्या."

"कुत्रे फार हळवे असतात हो," बागेच्या समितीची अध्यक्षा समजुतीने म्हणाली. "त्यांना असलं बघवत नाही."

आभारप्रदर्शनानंतर चहा झाला. शिक्षकालाही आग्रहाने दिला. आत्याने मात्र कप भिंतीवर फेकला, त्याची भरपाई तूर्त मागायची नाही असे मोठ्या मनाने ठरले.

तरीही या कार्यालयाने हार मानलेली नाही. एक जागा अखेर सापडली आहे : सरकारी, मोकळी, कोणत्याही वादात नसलेली. शववाहिका निघालीसुद्धा. पुढे शिक्षक बसला आहे, मागे आत्या दादाच्या कपाळावर हात ठेवून. आता फक्त लगतच्या रहिवाशाची संमती तेवढी हवी.

जागा तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर आहे. बेल वाजते आहे ना, तो शिक्षकच असेल. उघडता ना दार? का घरात कोणी नाही म्हणून सांगू?