विलासराव बसत नाहीत

विलासराव मोरे यांना एका मिनिटापेक्षा अधिक काळ बसलेले महाडमध्ये कोणी पाहिलेले नाही. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्यांच्या रांगेत असतात, मयताच्या घरी चौकटीला टेकून उभे राहतात, आणि एसटीत निम्म्या जागा रिकाम्या असल्या तरी दांडा धरून प्रवास करतात. त्यांच्या दुकानात लाल प्लास्टिकचे एक स्टूल आहे. त्यावर ते बसतात, नाही असे नाही. परंतु भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसतात आणि सेकंदकाटा एक फेरा पूर्ण करून आला की ताडकन उठतात.

"राऊंड संपला की फायटरला एक मिनिट मिळतं, सर," त्यांनी मला याचे कारण समजावून सांगितले होते. "त्यात पाणी प्यायचं, श्वास घ्यायचा, कोपऱ्यातल्या माणसाचं ऐकायचं आणि उठायचं. मिनिट संपूनही जो बसलेला दिसला, तो हरला असं समजायचं."

विलासरावांचे फ्लेक्स छपाईचे दुकान आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर आहे. मी त्यांच्या डोक्यावर राहतो. निवृत्त शिक्षकाला शांतता लागते असा एक समज आहे. तो माझ्या बाबतीत तरी विलासरावांनी कधी तपासून पाहिला नाही.

विलासराव सतत ज्याविषयी बोलतात तो एमएमए हा खेळ ज्यांना अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. यात दोन मल्ल जाळीच्या पिंजऱ्यात उतरतात. ठोसा, लाथ, कुस्तीची पकड, गळ्याला घातलेला फास, सर्व काही चालते. चावणे आणि डोळ्यांत बोट घालणे चालत नाही. पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या होतात आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये ते सुप्रसिद्ध एक मिनिट येते. मात्र विलासरावांच्या मते प्रत्यक्ष मारामारी हा या खेळाचा अगदी किरकोळ भाग होय. कोण कोणाशी लढणार, कोणी कोणाला काय बोलले, कोण ठरलेल्या वजनात बसला नाही म्हणून बाद झाला, कोणाचा सामना ऐन वेळी रद्द झाला, हा खरा खेळ.

"मारामारी पाव तासाची," ते म्हणतात. "वातावरण मात्र महिनाभर तापवावं लागतं."

वातावरण तापवणे हे शब्द त्यांच्या तोंडी दिवसभर असतात, आणि दुर्दैवाने हातात छपाईचे यंत्रही आहे. पोलादपूरच्या एका लग्नासाठी त्यांनी स्वागताचा फ्लेक्स केला. त्यात वधू आणि वर नाकाला नाक भिडवून एकमेकांकडे रोखून पाहत होते आणि मध्ये विजेचा लोळ कोसळत होता. वराचे मामा जाब विचारायला आले, तेव्हा विलासराव शांतपणे म्हणाले, "मामा, सामना बरोबरीचा दाखवलाय. तुमच्या बाजूला कमी लेखलेलं नाही." आमच्या मुख्याध्यापकांच्या निरोप समारंभाच्या फ्लेक्सवर त्यांच्या नावाखाली 'अपराजित' असे छापलेले होते. ते वाचून मुख्याध्यापकांच्या सौभाग्यवती बराच वेळ हसत होत्या.

मी भाजीची पिशवी घेऊन जिना उतरू लागलो, की खालून दोन्ही तळहात तोंडाभोवती धरून घोषणा होई: "आणि आता... वरच्या मजल्यावरून... व्याकरणात अजिंक्य...!" आरंभी मला संकोच वाटे. पुढे एकदा ते गावाला गेले असता मी जिना उतरलो आणि खालच्या पायरीवर नकळत थोडा थांबलो.

सायंकाळी दुकानात मंडळी जमत. त्यांतले दोघे कायमचे. संदेश हा बिरवाडीत खोली घेऊन राहणारा कारखान्यातला ऑपरेटर, आणि काशिनाथ हा वीर स्टेशनवरून रिक्षा चालवणारा. खेळाच्या बातम्या संदेश मोबाइलमधून वाचून दाखवी आणि काशिनाथ त्यांवर विश्वास ठेवत नसे.

"रशियातला त्यो दागिस्तानी पोरगा जखमी. सामना गेला," संदेश सांगे.

"जखमी नाय, घाबरला."

"गुडघा हाय त्याचा! फोटो बघ."

"गुडघा माझा पन दुखतो. मी काय रिक्षा रद्द करतो?"

"तुझी रिक्षा कधीच रद्द व्हायला पायजे व्हती. तिच्यात बसलं की हादरे खाऊन माणूस वजनात बसत नाय, कमीच होतो."

या वादात विलासराव पंच. काउंटरपासून दारापर्यंत आणि दारापासून काउंटरपर्यंत येरझारा घालत ते निकाल देत. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. पडद्यावर कोणाच्या भुवईतून रक्त आले, की विलासराव तत्क्षणी छताकडे पाहू लागत. काशिनाथने एकदा टोकले, "काका, वरती काय हाय?"

"पंखा बघतोय. आवाज करतो हल्ली."

पंखा बंद होता.

त्यांचा एकुलता मुलगा प्रशांत ऐरोलीला एका कंपनीत आहे. विलासरावांच्या पत्नी गेल्यापासून दर रविवारी त्याचा फोन येतो. तो ते जिन्याशी उभे राहून घेतात, त्यामुळे मला ऐकू येतो. पूर्वी हे संभाषण फार थोडक्यात आटपत असे. "जेवलास?" "बरं." "इकडं सगळं बरं हाय." "बरं, ठेव." हल्ली तसे होत नाही. हल्ली अर्धा अर्धा तास दागिस्तान, ब्राझील, वजन, गुडघा असे चाललेले असते. मुलाशी बोलताना विलासरावांची भाषा आपोआप गावची होते, हेही मी ऐकलेले आहे.

अशा या माणसाच्या आयुष्यात गेल्या हिवाळ्यात मोठा योग आला. पोलादपूरच्या डोंगरातल्या एका वाडीवरचा अक्षय हा तरुण मुंबईत एका मोठ्या सामन्यात उतरणार होता. सामना रविवारी सायंकाळी, मोबाइलवर थेट दिसणार होता. विलासरावांनी समाजमंदिराचा हॉल मागून घेतला, मोठा टीव्ही ठरवला, आणि भेटेल त्याला सांगू लागले, "प्रशांत येतोय. शेजारी उभं राहून बघणार आम्ही." सामन्याचे वृत्त ते यानंतर सांगत. दिवाळीलाही न आलेला मुलगा येणार, ही मुख्य बातमी होती.

आता वातावरण तापवणे आले. चौकात भला मोठा फ्लेक्स लागला. त्यात अक्षय वाघाच्या पाठीवर हात ठेवून उभा, आणि कोपऱ्यात त्याचा प्रतिस्पर्धी, 'नवी मुंबईचा सूरज', लिंबाएवढा. खाली लाल अक्षरांत छापले होते: 'सूरज, येताना अँब्युलन्स घेऊन ये!'

सोमवारी नाते गावाहून येणाऱ्या एसटीतून एक बाई उतरल्या. हातात बाजाराची पिशवी, पदर खोचलेला. चौकात थबकल्या, वर पाहिले, आणि विचारत विचारत थेट दुकानात आल्या.

"त्यो फोटु कोनी लावला रे?"

"मी लावला, ताई," विलासराव उत्साहाने म्हणाले. "कसा वाटला?"

"त्यो सूरज कोनाचा, ठाव हाय?"

"नवी मुंबईचा..."

"नवी मुंबईत त्याची भाड्याची खोली हाय. पोर माझा हाय!"

मी हातातले वर्तमानपत्र तोंडासमोर धरले. काशिनाथ हळूच रिक्षाकडे निघाला.

"ताई, ते प्रमोशन असतं," विलासराव चाचरत म्हणाले. "तसं मनात काही नसतं. वातावरण तापवायला..."

"वातावरन? माझा डोका तापवलास तू! मिरच्या घ्यायला आलंय आनि भर चौकात पोराच्या तोंडाखाली अँबुलन्स! तुझ्या पोराच्या खाली लिवशील काय रे?"

 विलासरावांनी लाल स्टूल फडक्याने पुसून पुढे सरकवले. सुलोचनाबाई, हे त्यांचे नाव, बसल्या. मिनिट उलटले. त्या उठल्या नाहीत. विलासरावांची नजर सवयीने घड्याळाकडे गेली. मग ते चहा सांगायला स्वतः गेले.

चहा पिताना त्या निवळल्या. पोराचा सामना त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. "त्याला कोन मारताना मी कशी बगू? पन गावात कोन नसतं त्या टायमाला सांगायला. फोन येईपरत जीव टांगनीला." विलासरावांनी त्यांना रविवारी हॉलवर बोलावले. "तुम्ही पाठ करून बसा. काय चाललंय ते मी सांगेन. शब्द."

चौकातला फ्लेक्स त्याच दिवशी उतरला. सुलोचनाबाईंनी तो मागून घेतला. लाकडांवर झाकायला असे फ्लेक्स उत्तम, हे आमच्याकडे सर्वांना माहीत आहे. "माझ्या पोराचा तोंड वरती ठेवीन," त्या गुंडाळी काखेत मारत म्हणाल्या, "आनि वाघ आतमदी." मंगळवारी नवा फ्लेक्स लागला. त्यात दोन्ही चेहरे सारख्या आकाराचे होते आणि खाली लिहिले होते: 'दोघेही आपलेच. सामना पाहायला यावे.'

काशिनाथने तो वाचला आणि म्हणाला, "काका, वातावरन पार गार केलंत की!"

रविवारी दुपारी विलासराव इस्त्रीचा शर्ट घालून जिन्याशी उभे होते. प्रशांतने वीरला उतरावे, काशिनाथने त्याला रिक्षातून आणावे, असे ठरलेले. फोन वाजला. मी वरून फक्त अलीकडची बाजू ऐकली. "शिफ्ट? ...बदलून नाय देत? ...नाय नाय, कामाचा बघायला पायजे. ...जेवलास?" आणि शेवटी, "बरं, ठेव."

मी खाली उतरलो. आज घोषणा झाली नाही. काशिनाथ रिक्षा चालू करून वाट पाहत होता. त्याला विलासराव हसून म्हणाले, "बंद कर रे. आपला पाहुणा वजनात बसला नाही."

सायंकाळी हॉल भरला. पोलादपूरहून अक्षयच्या वाडीची माणसे टेम्पोतून आली होती. संदेशने मोबाइल टीव्हीला जोडून दिला. विलासरावांनी दोन्ही मल्लांची नावे एकाच आवाजात, एकाच लांबीने पुकारली. सुलोचनाबाई मात्र आत आल्या नाहीत. त्या बाहेर पायरीवर, दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. दिलेल्या शब्दाप्रमाणे विलासराव दारात उभे राहिले. एक डोळा पडद्यावर, एक पायरीवर.

पहिली फेरी सुरू झाली.

"फिरतायत नुसते... सूरजनं लाथ टाकली... लागली नाही..."

"त्याला लागली का ते सांग!"

"नाही, ताई. उभा आहे."

इतक्यात पडद्यावर सूरजच्या नाकातून रक्त आले. विलासरावांनी वर पाहिले. दारावर पंखा नव्हता. नुसता एक बल्ब होता. "काय झाला रे? गप का झालास?" सुलोचनाबाईंनी विचारले, आणि त्याच क्षणी विलासरावांच्या खिशातला फोन वाजला.

मी दाराच्या आतल्या बाजूस खुर्चीवर होतो. प्रशांतचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

"पप्पा! ब्रेक घेतलाय. बघताय ना?"

विलासरावांनी एकदा झगमगणाऱ्या पडद्याकडे पाहिले, एकदा फोनकडे. मग ते बाहेर गेले आणि सुलोचनाबाईंच्या शेजारी, पडद्याकडे पाठ करून, पायरीवर बसले.

"कसला बघतो! लाईट गेली हाय रे इकडं. टीवी बंद. तू सांग."

"अरे! मग एवढा आरडाओरडा कसला?"

"लाईट गेली म्हून पोरां बोंबलतायत. तू सांग ना, काय चाललंय?"

सुलोचनाबाईंनी डोक्यावर जळणाऱ्या बल्बकडे पाहिले, मग या माणसाकडे पाहिले, आणि फोनला कान लावायला जवळ सरकल्या.

प्रशांत सांगू लागला. सूरज खाली पडला. सूरज उठला. पकड सुटली. विलासराव "मंग?", "मंग रे?" एवढेच म्हणत होते. ज्या माणसाने तीन जिल्ह्यांना हा खेळ शिकवायचा विडा उचलला होता, तो 'गळ्याचा फास म्हणजे कसा रे?' असे मुलाला विचारत होता, आणि मुलगा सविस्तर समजावत होता. त्याच्याकडे चित्र थोडे उशिरा पोहोचत असावे. हॉलमधली आरोळी आधी उठे, आणि मागाहून फोनमधून तीच गोष्ट येई. विलासराव प्रत्येक वेळी ती नव्याने ऐकत.

फेरी संपली. एक मिनिट आले आणि गेले. ते उठले नाहीत.

"तुला कुटनं लागला रे ह्याचा नाद?" सुलोचनाबाईंनी हळू आवाजात विचारले.

विलासरावांनी फोनवर तळहात ठेवला. "मला कुठला, ताई! रक्त बघवत नाही. पोराला आवडतं."

तिसऱ्या फेरीअखेर पंचांनी अक्षयचा हात वर केला. पोलादपूरची माणसे बाकांवर चढली. सुलोचनाबाईंनी फोनच्या दिशेने एकच प्रश्न केला, "उबा हाय का रे माझा?"

"कोण आहे, पप्पा?"

"सूरजची आय. सांग तिला."

"उभा आहे, काकी. हसतोय. दोघं गळ्यात गळा घालून उभे आहेत."

"मंग झाला," त्या म्हणाल्या, पदराने तोंड पुसून उठल्या आणि शेवटची एसटी गाठायला काशिनाथला हाका मारू लागल्या.

हॉल रिकामा झाला. संदेशने वायरी गुंडाळल्या. मी दाराशी आलो, तेव्हा विलासराव पायरीवर तसेच बसलेले होते, आणि त्यांच्या डोक्यावरच्या बल्बभोवती पाकोळ्या फिरत होत्या.

"पप्पा, लाईट आली का?"

"नाय रे, अजून कुटं. आज काय ती येत नाय," विलासराव म्हणाले आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. "त्या दागिस्तान्याच्या गुडघ्याचा काय झाला, ते सांग."